एक्केचाळीस सफरचंदं

बाईंना खुर्ची कधीच मानवली नाही. तीस वर्षं मैदानावर उभं राहून त्यांनी पोरं पळवली, आणि त्या तीस वर्षांत त्या कधी बसल्या असतील तर जेवायला, तेही एक पाय बाकाबाहेर ठेवून. गळ्यात कायम शिट्टी. पोरांनी त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. बाईपेक्षा तुम्ही शिट्टीचंच जास्त ऐकता." मग उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी मैदान बंद केलं, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या बाईंना शाळेने हलकं काम दिलं.

हलकं काम म्हणजे लॅपटॉप. चार शाळांच्या संघांतली एक्केचाळीस मुलं, कुणी धावणारी, कुणी पोहणारी, कुणी फुटबॉलवाली, तेरा ते सतरा वयाची. त्यांना दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता पडद्यावर गोळा करायचं आणि चांगलं खाणं, चांगली झोप, चांगल्या सवयी शिकवायच्या. चारी मैदानं चार टोकांना, म्हणून हा ऑनलाइनचा घाट. धडे क्रीडा कार्यालयाने तयार करून पाठवले होते. बाईंनी फक्त वाचायचे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हसरं गाजर होतं, आणि ते बोट वर करून सांगायचं की साखर वाईट, भाजी चांगली, लवकर झोपा.

पहिल्या गुरुवारी बाईंसमोर एक्केचाळीस काळे चौकोन आले. एकाचाही कॅमेरा सुरू नाही, एकाचाही आवाज नाही. बाईंनी पान वाचलं, प्रश्न विचारला, वाट पाहिली. "कुणी आहे का रे तिकडे?" त्यांनी विचारलं. एका चौकोनातून कुत्रा भुंकला. मैदानावर हीच पोरं माकडासारखी झाडावर चढायची, आणि इथे पालथ्या घड्यावर पाणी. तासाच्या शेवटी बाईंचा घसा बसला आणि गुडघा ठणकायला लागला, बसून बसून.

दर बुधवारी मुलांनी एक फॉर्म भरायचा होता. काल काय खाल्लं, किती वाजता झोपलात, या आठवड्याचं वजन किती. उत्तर बरोबर असलं की चौकोन हिरवा व्हायचा, चुकलं की लाल. सगळे चौकोन हिरवे झाले की बाईंनी शाब्बासचं बटण दाबायचं, म्हणजे मुलाच्या पडद्यावर चांदणी उमटायची. बारा आठवड्यांच्या चांदण्यांचे दहा गुण संघाच्या निवडीत धरले जाणार होते. पहिल्या बुधवारी बाईंनी चष्मा लावून फॉर्म वाचले. एक्केचाळीस मुलांनी सकाळी सफरचंद खाल्लं होतं. एक्केचाळीस मुलं रात्री दहाला झोपली होती.

"अहो, बाजारात एवढी सफरचंदं आलीत तरी का?" बाईंनी यजमानांना विचारलं. यजमान बसडेपोत मेकॅनिक होते, आणि घरात काही बिघडलं तरी आधी बोल्ट तपासायचे. "गुण मिळणार असतील तर मीसुद्धा सफरचंद लिहीन," ते म्हणाले. बाईंना ते पटलं, पण करणार काय! तीन आठवडे त्यांनी गाजराचं वाचून दाखवलं, हिरवे चौकोन मोजले आणि बटण दाबलं. कार्यालयाच्या साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. तुमच्या तुकडीचा आलेख सगळ्यात उत्तम आहे म्हणाले. कागदी घोडे कसे चौखूर उधळले होते.

चौथ्या गुरुवारी ते घडलं. बाईंनी तास संपवला, कोपऱ्यातल्या आडव्या रेघेवर टिचकी मारली आणि खिडकी नाहीशी झाली. तास बंद झाला असं त्यांना वाटलं. खरं तर तो फक्त खाली जाऊन बसला होता, कॅमेऱ्यासकट.

"द्या तो पुडा इकडे," बाई यजमानांना म्हणाल्या. "तासभर साखरेला शिव्या घालून घसा सुकलाय."

"अगं, आत्ता तर तू पोरांना सांगत होतीस..."

"पोरांना सांगत होते. तुम्हाला सांगत होते का?" बाईंनी बिस्किटं एकामागून एक चहात बुडवायला सुरुवात केली. "आणि ते मेलं गाजर! बत्तीस दात काढून हसतंय. गाजराला दात कशाला हवेत? एकदा हातात सापडू दे, किसणीवर धरते त्याला."

आठवं बिस्किट अर्ध्यात तुटून कपात पडलं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, दोन बोटं चहात घातली आणि ते बाहेर काढून तोंडात टाकलं. तेव्हा लॅपटॉपमधून हसण्याचा असा काही लोंढा बाहेर आला की यजमानांच्या हातून बशीच सुटली. बाईंनी खिडकी वर आणली. निघता निघता थांबलेली सगळी पोरं तिथेच होती. कॅमेरे सुरू. एक्केचाळीस तोंडं, चार आठवड्यांत पहिल्यांदा दिसलेली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. बाईंनी धाडकन लॅपटॉप मिटला.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान..." यजमानांनी सुरुवात केली, आणि बाईंचा चेहरा बघून उरलेली म्हण गिळली.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ चारी मैदानांवर फिरत होता. दुपारी साहेबांचा फोन आला. "बाई, लेखी खुलासा द्या. बिस्किटं प्रात्यक्षिकासाठी होती, काय खाऊ नये ते दाखवायला, असं लिहा. म्हणजे विषय मिटेल."

"पण ती मी खाल्ली."

"ते कशाला लिहायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

बाईंनी फोन ठेवला. रात्रभर लाज वाटली होती, पण आता तिचा राग झाला. एक्केचाळीस पोरांनी खोटी सफरचंदं लिहिली, कार्यालयाने ती खोटी आहेत हे माहीत असून मोजली, आणि आता बाईंनीही एक खोटं फळ त्यात टाकायचं! त्यांनी खुलासा लिहिला नाही. पुढच्या गुरुवारी त्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसल्या, गाजराचं पान उघडलंच नाही, आणि बिस्किटांचा पुडा कॅमेऱ्यासमोर उभा केला.

"मागच्या वेळी मी किती खाल्ली?"

कॅमेरे भराभर सुरू झाले. "आठ, बाई!"

"चूक. लॅपटॉप मिटल्यावर आणखी तीन खाल्ली. अकरा. दुपारी मी जेवलेच नव्हते, फॉर्म तपासत बसले होते, म्हणून अकरा. आता तुमची पाळी. काल काय खाल्लं ते सांगा, खरं. इथे चांदण्या नाहीत आणि गुण नाहीत. आणि जो सफरचंद म्हणेल त्याने देठ दाखवायचं."

पहिला घसा फुटबॉलच्या गोलकीपरने साफ केला. हा सहा फुटी मुलगा मैदानावर कुणाच्या बापाला घाबरायचा नाही. तो म्हणाला की तो नूडल्स कच्च्याच खातो, पाकिटातून, वर मसाला भुरभुरून. एका पोहणारीने सांगितलं की पहाटे साडेपाचला घास उतरत नाही, म्हणून शाळा सुटेपर्यंत ती उपाशीच असते, आणि मग हाताला लागेल ते खाते. एक जण रात्री दीडपर्यंत मोबाइल बघतो, एक जण सरावात पाणी पीत नाही, कारण मोठी मुलं चिडवतात. एका मुलाने शपथेवर सांगितलं की त्याने सफरचंदच खाल्लं. त्याने कचऱ्याच्या डब्यातून देठ शोधून आणलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना तीस वर्षांचं मैदान पुन्हा सापडल्यासारखं झालं.

शेवटी उरली खारूताई. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. पंधरा वर्षांची, पंधराशे मीटर धावणारी, शर्यत सुरू होण्याआधी एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून खारूताई.

"तू काय खाल्लंस गं?"

"पाणी, बाई."

"आणि?"

"दुपारी अर्धा पाव. नाही, तोही बहिणीला दिला."

"का? घरात काही अडचण आहे का?"

"नाही, घरात सगळं असतं," खारूताई म्हणाली. "पण खाल्लं की वजन वाढतं आणि चौकोन लाल होतो ना."

कुणी हसलं नाही. बाईंनी तिथल्या तिथे तिचे फॉर्म काढून पाहिले. चार आठवडे वजन उतरत गेलेलं, चार आठवडे चौकोन हिरवा, आणि चारी आठवडे बाईंनी शाब्बास म्हटलेलं. शाब्बास हा शब्द त्यांनी आयुष्यभर फार जपून वापरला होता. मैदानावर त्यांच्या तोंडून तो ऐकायला पोरं जीव टाकून धावायची. आणि इथे त्यांनी तो एका उपाशी पोरीला, चेहरा न बघता, बोटाच्या टिचकीने दिला होता. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की ओट्यावरचा पुडा त्यांनी उचलून आत ठेवला. फॉर्म मुळात दिवसभर बसून राहणाऱ्यांसाठी केलेला, हे त्यांना आत्ता कळत होतं. कुणीतरी तोच उचलून धावणाऱ्या पोरांच्या गळ्यात मारला, आणि बाईंनी एका शब्दाने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत बाई खारूताईच्या घरी तीन जिने चढल्या. आई लाँड्रीत इस्त्रीकाम करायची. ती दारातच म्हणाली, "मला वाटलं, स्पर्धा जवळ आली म्हणून सुकलीय. आणि तिच्या फोनवर तर दर आठवड्याला चांदणी यायची." बाईंनी मान खाली घालून सांगितलं, "ती चांदणी माझी. चूक माझी." मग तिघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी धावणं थांबवलं, दर आठवड्याला यायला सांगितलं, काय आणि किती खायचं ते लिहून दिलं, आणि आईला आणि बाईंना बाजूला घेऊन दोन गोष्टी बजावल्या. तिला एकटीला जेवायला बसवू नका. आणि वजन, आकडे, हिरवं, लाल यातलं काही तिच्यासमोर काढू नका.

त्या दिवसापासून गुरुवारचा तास स्वयंपाकघरातच भरू लागला, मुलांच्या चाळीस घरांत आणि बाईंच्या एका. घरं चाळीसच, कारण दोघे भाऊ आता एकाच स्वयंपाकघरातून एकाच फोनवर असायचे आणि त्यांचं भांडणही सगळ्यांना ऐकू यायचं. फोन डब्याला टेकवून ठेवायचा, काहीतरी स्वतः करायचं, आणि शेवटची वीस मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसून खायचं. गोलकीपरने पहिल्यांदा अंडं उकडलं आणि पाणी घालायला विसरला. पोहणारीने पहाटेसाठी केळं आणि दूध घुसळून बघितलं, आणि पहिल्या आठवड्यात शेवटच्या फेरीत हात गळत नाहीत असं जाहीर केलं. दीडपर्यंत जागणाऱ्याने एक आठवडा जागून आणि एक आठवडा झोपून किती चेंडू सुटले ते भिंतीवर खडूने मांडलं. गाजराने बारा आठवडे बोंब मारूनही जे पटलं नसतं, ते पोरांनी आपापल्या अंगावर तपासून घेतलं आणि वर एकमेकांना सुनावलं.

आणि खारूताईपुढे एक बशी असायची. बाईंनी तिच्याशी एक करार केला होता. "तुझी बशी संपेपर्यंत मी चहाला हात लावणार नाही. मला गार चहा आवडत नाही, हे लक्षात ठेव." पहिल्या गुरुवारी तिने दोन घास खाल्ले आणि बाईंचा चहा पाण्यासारखा गार झाला. बाईंनी तो निमूट ओतून टाकला. दुसऱ्या गुरुवारी पाव अर्धा गेला. तिसऱ्यालाही अर्धाच. खारूताई रडवेली होऊन म्हणाली, "बाई, तुम्ही प्या ना." बाई म्हणाल्या, "मला घाई नाही."

फॉर्म मात्र आता खरे भरले जात होते, आणि आलेख लालभडक झाला होता. वजनाची जागा तर बाईंनी सगळ्यांना कोरीच सोडायला सांगितली. साहेबांचा फोन यायचा तो आलाच.

"बाई, सगळ्या जिल्ह्यात तुमची तुकडी शेवटची आहे. महिन्यात असं काय झालं?"

"खरं बोलायला लागली."

"सोमवारपर्यंत दुरुस्त करून द्या. वजनाचा रकाना सक्तीचा आहे. नाहीतर तुकडी तुमच्याकडून काढून घ्यावी लागेल. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं लावू."

बाईंनी खारूताईची गोष्ट सांगितली. साहेबांनी ऐकून घेतली आणि म्हणाले की एका मुलीसाठी अख्खा फॉर्म बदलता येत नाही. बाई म्हणाल्या, "मग माझ्यासाठीही बदलू नका. मी भरणार नाही."

गुरुवारी साहेब स्वतः तासाला आले, म्हणजे एक काळा चौकोन आला आणि त्यावर ‘साहेब’ असं लिहिलं होतं. "नमस्कार साहेब," बाई म्हणाल्या. "इथे कॅमेरा सुरू ठेवायची पद्धत आहे. आणि काल काय खाल्लं ते सांगायची."

पोरांनी तोंडं दाबली. चौकोन काळाच राहिला. "मी इथे तपासणीला आलोय," आतून आवाज आला. "मुलांनो, आत्ता माझ्यासमोर फॉर्म उघडा आणि वजनाचा रकाना भरा."

खारूताईचा हात बशीवरून मागे गेला. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी, जी गुडघा गेल्यापासून नुसतीच लोंबत होती, ओठांत धरली आणि छातीतला होता नव्हता तेवढा वारा तिच्यात भरला. चाळीस घरांत भांडी दणाणली, आणि काळा चौकोन दचकून "अहो!" म्हणाला.

"कुणी काही भरणार नाही," बाई म्हणाल्या. "साहेब, पहिल्या महिन्यात मी तुम्हाला एक्केचाळीस सफरचंदं पाठवली. त्यातलं एकही खरं नव्हतं, तुम्हालाही ते ठाऊक होतं, आणि तुम्ही माझं अभिनंदन केलंत. त्याच महिन्यात एक पोर माझ्या डोळ्यांदेखत उपाशी राहिली आणि मी तिला शाब्बास म्हटलं. ते मी पुन्हा करणार नाही. काढायचं तर मला काढा. पण जेवत्या पोरांना वजनकाट्यावर उभं करायचं नाही."

काळा चौकोन नाहीसा झाला. शुक्रवारी पत्र आलं. तुकडी काढून घेतली होती.

पुढच्या गुरुवारी सहा वाजता बाई मिटलेल्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. यजमानांनी चहा केला, पुडा ठेवला, आणि बोल्ट कुठे ढिला आहे ते कळत नसल्यासारखे उभे राहिले. बाईंना काळजी एकाच गोष्टीची होती. त्या बशीची. आत्ता ती कुणाबरोबर जेवत असेल, की जेवतच नसेल? त्यांनी फोन हातात घेतला, आणि तेवढ्यात तो त्यांच्याच हातात वाजला. गोलकीपरची लिंक होती. खाली लिहिलं होतं, "बाई, उशीर झाला. अंडी गार होतायत."

बाईंनी लॅपटॉप उघडला. सगळी तोंडं हजर होती. प्रत्येकासमोर बशी होती.

"अरे, तुमचं व्याख्यान सुरू असेल ना आत्ता?"

"सुरू आहे ना," गोलकीपर म्हणाला. "आम्ही सगळे तिकडे हजर आहोत. घरच्यांच्या फोनवर, आवाज बंद करून. गाजर एकटंच बोलतंय."

"हे खोटं झालं, पोरांनो."

"खोटं कुठे, बाई? आम्हाला विचारलं तर खरंच सांगू. पण ते विचारतात कुठे?"

बाई हसल्या, पण त्यांना ते रुचलं नाही. त्यांनी सगळ्यांदेखत कार्यालयाला पत्र लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. ‘आपल्या व्याख्यानाला आज एक्केचाळीस फोन हजर आहेत. मुलं माझ्याकडे जेवताहेत. दर गुरुवारी सहा वाजता जेवतील. आपल्याला यायचं असल्यास कॅमेरा सुरू ठेवून, ताट घेऊन यावं.’ "पाठवू? तुमचे दहा गुण जातील." कुणी तरी ‘जाऊ देत’ म्हणालं, मग सगळेच म्हणाले. बाईंनी पाठवून दिलं.

मग सगळ्यांनी खायला सुरुवात केली. खारूताई हळूहळू खात होती, कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं. आधी अंडं गेलं, मग अर्धा पाव. तिथे ती थांबली. बाईंच्या कपातली वाफ केव्हाच विरली होती. यजमान कप उचलून गरम करायला निघाले तर बाईंनी तो हाताने झाकला. गोलकीपर दोघा भावांच्या भांडणात पंच म्हणून बोलत राहिला, जरा जास्तच वेळ.

"बाई," खारूताईने हाक मारली. तिने बशी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली, अगदी जवळ, म्हणून पडदाभर तेवढी पांढरी बशीच दिसली. तिच्यात काहीही उरलेलं नव्हतं.

बाईंच्या तोंडात शाब्बास आलं होतं. त्यांनी ते आवरलं, कप उचलला आणि तो गारढोण चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.